खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर घरं: आमच्या बिल्डिंगच्या वीज वाचवणाऱ्या डिझाइनचा सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच. बऱ्याच जणांनी विचारलं होतं की ही "ग्रीन बिल्डिंग" म्हणतात त्यात खरंच काही तथ्य आहे का, की लॉबीत नुसतं सर्टिफिकेट टांगलंय, म्हणून जरा बसून नीट लिहितेय. आमच्या ऑफिसचं ॲडमिन माझ्याकडे आहे त्यामुळे वीजबिलं, एसीच्या तक्रारी, फॅसिलिटीवाल्यांबरोबरच्या मीटिंगा सगळं माझ्याच टेबलावर येतं, बीएमएसचा (बिल्डिंगचे एसी, दिवे, मीटर सगळं एका जागी दाखवणारी आणि चालवणारी कॉम्प्युटर यंत्रणा) स्क्रीन बघायची सवय लागलीये, इथे उन्हाळाही काढलाय आणि थंडीही, तेव्हा जे लिहितेय ते बघून आणि विचारून लिहितेय.

बिल्डिंग एकूण बारा मजल्यांची. खालचे दोन मजले दुकानं, त्यात एक मोठं सुपरमार्केट, मग सहा मजले ऑफिसं, एक मजला जिम आणि वर तीन मजले राहती घरं. भर शहरात, रस्त्याला लागून. बाहेरून बघितली तर फार काही डोळे दिपवणारी वगैरे नाही, आणि मला पहिल्यांदा तेच आवडलं, कारण ती नखशिखांत काचेची नाहीये.

हा काचेचा मुद्दा आधी घेते कारण लोकांना वाटतं की मॉडर्न ऑफिस म्हणजे काच, आणि जितकी काच जास्त तितकी बिल्डिंग भारी. अहो, साध्या एकेरी काचेची यू व्हॅल्यू (म्हणजे तिच्यातून उष्णता किती आरपार जाते त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) ५.७ च्या आसपास असते, चांगली दुहेरी काच, लो-ई कोटिंग (उष्णता परतवणारा पातळ थर) आणि मधे आर्गॉन गॅस भरलेली असेल तर ती १.१ ते १.३ पर्यंत येते, आणि नीट इन्सुलेशन केलेली भिंत ०.२-०.३ ला असते. म्हणजे कितीही महागातली दुहेरी काच घ्या, चांगली भिंत तिच्यापेक्षा चौपट बरी. आणि हे झालं नुसतं आतबाहेरच्या तापमानाचं, थेट ऊन आत येतं तो हिशोब वेगळाच. लंडनचं २० फेनचर्च स्ट्रीट आठवतंय ना, लोक ज्याला वॉकीटॉकी म्हणतात, २०१३ मध्ये त्याच्या आत वळलेल्या काचेवरून ऊन एकवटून खाली रस्त्यावर पडायचं आणि तिथे पार्क केलेल्या गाडीचे पार्ट वितळले होते, शेवटी बाहेरून पट्ट्या लावाव्या लागल्या. ऊन बाहेरच्या बाजूलाच अडवायचं हा धडा आमच्या आर्किटेक्टने आधीच गिरवलेला दिसतोय, कारण इथे प्रत्येक बाजू वेगळी आहे. दुपारी जिकडे सूर्य उंच असतो त्या बाजूला खिडक्यांवर आडवे छज्जे, आपण कपाळावर आडवा हात धरून लांबचं बघतो तसे. पश्चिमेला आडव्या छज्जाचा काही उपयोग नसतो कारण संध्याकाळचं ऊन तिरपं खालून घुसतं, म्हणून तिथे उभ्या फिन्स (बाहेर आलेल्या उभ्या पट्ट्या) आहेत आणि काच मुळातच कमी. ज्या बाजूला ऊन जवळपास येतच नाही तिथे मात्र मोठ्या मोकळ्या खिडक्या. चारही बाजूंना एकसारखी बिल्डिंग दिसली की मला आता लगेच शंका येते, कारण सूर्य काही चारही बाजूंना एकसारखा नसतो.

खिडक्यांची अजून एक गोष्ट, जी आत बसल्यावरच कळते. काच टेबलाच्या उंचीपासून वर चालू होते, त्याखाली भिंत. गुडघ्यापाशी असलेल्या काचेतून कामाला उपयोगी उजेड जवळपास काही मिळत नाही, उष्णता तेवढी येते आणि वर बाहेरून आपल्या टेबलाखालच्या बॅगा आणि वायरी दिसतात. त्याऐवजी ती काच वर छतापर्यंत नेलीये. खिडकी जितकी उंच तितका उजेड आत खोल जातो, साधारण खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दीड-दोन पट अंतरापर्यंत चांगला उजेड पोचतो असं धरतात. आमच्याकडे खिडकीच्या आतल्या अंगाला, डोक्याच्या वर, एक पांढरी आडवी फळी आहे, लाइट शेल्फ म्हणतात त्याला, तिच्यावर पडलेला उजेड छतावर उडतो आणि तिथून आत पसरतो. खालच्या काचेला पडदा ओढला तरी वरची काच उघडीच राहते त्यामुळे कोणी चमक टाळायला पडदा ओढला की दिवे लावावे लागत नाहीत. ही एवढी साधी गोष्ट आधीच्या ऑफिसात नव्हती, तिथे सकाळी कोणीतरी पडदे ओढायचं ते संध्याकाळपर्यंत तसेच आणि भर दुपारी सगळे दिवे चालू.

दिव्यांबद्दल फार लिहीत नाही, एलईडी आता सगळीकडेच आहेत. इथे दर चौरस मीटरला ६-७ वॅटमध्ये काम भागतं, जुन्या ट्यूबलाइटच्या ऑफिसात १५-२० सहज जायचे. खिडकीजवळची रांग उजेड बघून आपोआप मंद होते. चांगली गोष्ट ही की केबिन आणि मीटिंग रूममध्ये दिवा आपण बटण दाबूनच लावायचा, बंद मात्र तो आपोआप होतो. उलटं असतं ना, माणूस नुसता दारातून डोकावला तरी सगळा लखलखाट, त्यात बरीच वीज फुकट जाते.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. या बिल्डिंगची हुशारी सोलर पॅनलमध्ये नाहीये, चिलरमध्येही (एसीसाठी पाणी गार करणारं मोठं मशीन) नाहीये, ती आहे दुकानं, ऑफिसं आणि घरं एकाच पाइपाला जोडण्यात. बहुतेक मिक्स्ड-यूज बिल्डिंगा नावालाच मिक्स्ड असतात, खाली दुकानवाल्यांचे स्वतःचे एसी, ऑफिसांचा वेगळा प्लांट, घरांमध्ये प्रत्येकाचा वेगळा गीझर, एकमेकांशी काडीचा संबंध नाही. म्हणजे एकीकडे कूलिंग टॉवरमधून उष्णता आकाशात फेकायची आणि त्याच बिल्डिंगमध्ये चार मजले वर वीज जाळून पाणी तापवायचं.

इथे काय केलंय, तर सगळ्या बिल्डिंगमधून पाण्याचा एक लूप फिरतो. ऑफिसातली माणसं, कॉम्प्युटर, दिवे, खिडकीतून आलेलं ऊन या सगळ्याची उष्णता त्या पाण्यात जाते. नुसता बसलेला माणूससुद्धा १०० वॅटच्या आसपास उष्णता सोडत असतो, आमच्यासारख्या भरलेल्या मजल्यावर नुसत्या माणसांचीच कित्येक किलोवॅट होते. सुपरमार्केटचे फ्रीजर तर रात्रंदिवस उष्णता बाहेर टाकतात, तीही याच लूपमध्ये. मग वरच्या घरांसाठी आणि जिमच्या शॉवरसाठी हीट पंप त्याच कोमट पाण्यातून उष्णता उचलतो आणि ५५-६० अंशाचं पाणी बनवतो. गीझरमध्ये एक युनिट वीज घातली की एकच युनिट उष्णता मिळते, हीट पंपात एका युनिटला तीनच्या आसपास, आणि थंडीत बाहेरच्या गार हवेतून उष्णता ओढण्यापेक्षा २५-३० अंशाच्या लूपमधून ओढणं त्याला कितीतरी सोपं.

मी एकदा वहीत हिशोब करून बघितला, तुम्हीही करा. हजार चौरस मीटरचा एक ऑफिस मजला, दर चौरस मीटरला ४० वॅट उष्णता धरली तर ४० किलोवॅट, आठ तासात ३२० युनिट. एका आंघोळीला ५० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायचं तर पावणेदोन युनिटच्या आसपास लागतात. म्हणजे एका ऑफिस मजल्याच्या एका दिवसाच्या नको असलेल्या उष्णतेत, मधली गळती सोडूनही, दीडशेच्या वर आंघोळी! आणि असे सहा मजले आहेत. घरं तीनच मजले. म्हणजे उष्णता उरतेच, ती उरलेली कूलिंग टॉवरला जाते, पण आधी जेवढी वापरता येईल तेवढी वापरून.

यातली अडचण अशी की ऑफिस गरम होतं दुपारी आणि लोक आंघोळ करतात सकाळी. त्याला उत्तर म्हणजे मोठमोठ्या इन्सुलेटेड टाक्या, जिमच्या मजल्यावर प्लांट रूममध्ये आहेत, फॅसिलिटीवाल्या काकांनी मला एकदा नेऊन दाखवल्या. बाहेरून हात लावला तर गार लागतात, आणि काटा बघितला तर आत साठ अंश. साठच का असं विचारलं तर म्हणाले कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशात, लिजिओनेलाचे जंतू (न्यूमोनियासारखा आजार करणारे) वाढतात म्हणून साठवण साठलाच ठेवायची, थोडी वीज जास्त गेली तरी चालेल पण तिथे काटकसर नाही. मला हे उत्तर फार आवडलं, वीज वाचवायची म्हणून माणसाच्या तब्येतीशी खेळायचं नाही हे त्यांना पक्कं माहितीये. ॲमस्टरडॅमच्या द एज नावाच्या ऑफिस बिल्डिंगमध्ये तर उन्हाळ्याची उष्णता जमिनीखालच्या पाण्याच्या थरात साठवून थंडीत परत काढतात, तिथे दिवसाची नाही तर ऋतूची उधारी चालते. आमच्याकडे तेवढं नाही, सकाळ-दुपारचं गणित जमवलंय, तेही पुष्कळ आहे.

वेळेचाही फायदा आहे तो लोक विसरतात. ऑफिसं नऊ ते सहा, दुकानांची गर्दी संध्याकाळी, घरं रात्री आणि सकाळी. तिघांचं पीक एकाच वेळी येत नाही त्यामुळे तिघांसाठी तीन वेगळे प्लांट लागले असते त्यापेक्षा बराच लहान एकच प्लांट पुरतो, आणि लहान प्लांट आपल्या पूर्ण ताकदीच्या जवळपास चालतो, नाहीतर मोठा चिलर अर्धा वेळ वीस टक्क्यांवर कण्हत बसतो. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेटचं उदाहरण याच अंगाने बघण्यासारखं आहे. १९३१ ची बिल्डिंग, नूतनीकरणात त्यांनी आधी ६,५१४ खिडक्यांच्या काचा तिथल्या तिथे काढून सुधारून परत बसवल्या, रेडिएटरमागे इन्सुलेशन घातलं, दिवे सुधारले, आणि त्यामुळे थंडाव्याची गरजच इतकी घटली की चिलर मोठे घ्यावे लागले नाहीत, असलेलेच दुरुस्त करून भागलं. ऊर्जेचा वापर ३८ टक्के कमी करायचा त्यांचा आराखडा होता. आधी गरज कमी करा, मग मशीन निवडा. आमच्या बिल्डिंगमध्ये हा क्रम पाळलाय हे जागोजागी दिसतं.

एसीकडे येऊ. इथे डोक्यावर गार हवा फेकणाऱ्या जाळ्या नाहीत, छताच्या पॅनलमधूनच थंड पाण्याच्या नळ्या गेल्यात. पहिल्या दिवशी आमचे लोक विचारत होते एसी कुठाय, कारण आवाजच नाही. काही ठिकाणी पंखे आहेत, हो, साधे छताचे पंखे, आणि तापमान २६ ला असतं. आधीच्या ऑफिसात २२ ला असायचं आणि निम्म्या बायका शाल घेऊन बसायच्या. छत गार असलं की शरीराची उष्णता थेट छताकडे जाते, पंख्याने अंगावर हलका वारा असला की दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं, मग २६ खटकत नाही. खरंच खटकत नाही, आमच्या एका साहेबांना सोडून कोणाचीही तक्रार आली नाही.

वीज का वाचते तर पाणी. एक घनमीटर पाणी तेवढ्याच हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. मग मोठ्या डक्टमधून जोरात हवा ढकलायची की बोटभर जाडीच्या नळीतून पाणी फिरवायचं, उघड आहे. शिवाय चिलरला नेहमीसारखं ६-७ अंशाचं पाणी बनवायचं नसतं, १६ च्या आसपासचं चालतं, त्यामुळे त्याच्यावरचा ताण कमी. हैदराबादला इन्फोसिसने २०११ च्या सुमारास एकाच बिल्डिंगचे दोन सारखे भाग करून एका भागात नेहमीचा पण चांगला एसी आणि दुसऱ्यात हे रेडिएंट कूलिंग असं बसवलं होतं, रेडिएंटवाल्या भागात साधारण एक तृतीयांश वीज कमी लागली. एकाच छताखाली समोरासमोर केलेली तुलना, माझ्या मते ब्रोशरमधल्या शंभर दाव्यांपेक्षा मोलाची.

याला एक पथ्य आहे. आत २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते) १४ अंशाच्या जवळ असतो, छत १६ ला असेल तर काही होत नाही. पण दमट दिवशी कोणी खिडकी उघडली की आर्द्रता वाढते, दवबिंदू वर चढतो आणि छतावरून पाणी ठिबकू शकतं. म्हणून खिडक्यांना सेन्सर आहेत, खिडकी उघडली की त्या भागातल्या छताचं पाणी बंद. पावसाळी दिवसात नवीन माणसाला हे समजावून सांगावं लागतं, तो खिडकी उघडतो "मोकळी हवा" म्हणून आणि मग दहा मिनिटांनी म्हणतो गरम होतंय. खिडक्यांपाशी छोटा दिवा आहे, हिरवा असेल तर उघडा, लाल असेल तर नको, पण तो इतका बारीक आणि इतका कोपऱ्यात आहे की कोणाचं लक्षच जात नाही. हा दिवा मोठा करा म्हणून मी लेखी दिलंय.

खिडक्या उघडतात हीच मुळात मला मोठी गोष्ट वाटते. फ्रँकफर्टच्या कॉमर्झबँक टॉवरमध्ये १९९७ पासून इतक्या उंचावर खिडक्या उघडतायत, तरी अजून लोक सांगतात की उंच बिल्डिंगमध्ये हे शक्य नाही. हवा छान असते त्या महिन्यांत आमचा मजला दिवसचे दिवस खिडक्या आणि पंखे यांच्यावर चालतो. आणि रात्री गार हवा आत घेऊन काँक्रीटचं छत गार करून ठेवतात, सकाळी येता तेव्हा आत शिरताच कळतं. ही युक्ती जुनीच आहे, हरारेचं ईस्टगेट सेंटर १९९६ चं, तेही खाली दुकानं वर ऑफिसं असंच आहे, आर्किटेक्ट मिक पिअर्स यांनी ते नेहमीचा एसी न बसवता उभं केलं, रात्रीची गार हवा जाडजूड काँक्रीटमध्ये साठवायची आणि दिवसा वापरायची. नंतर मेलबर्नच्या सीएच२ या पालिकेच्या ऑफिस बिल्डिंगमध्ये, २००६ ला, तेच पुढे नेलं, तिथे पश्चिमेला जुन्या लाकडाच्या झडपा आहेत ज्या उन्हाप्रमाणे उघडतात मिटतात. अर्थात रात्री पुरेसं गार होत असेल तरच हे चालतं, जिथे रात्रीही उकडतं तिथे याच्यावर विसंबून राहता येत नाही.

उघड्या छताचा एक तोटा मात्र आहे आणि त्यावर बिल्डिंगवाल्यांनी आधी विचार करायला हवा होता. आवाज घुमतो. फॉल्स सीलिंग नसल्यामुळे फोनवर बोलणाऱ्याचा आवाज चार टेबलं पलीकडे स्वच्छ ऐकू येतो. आम्हाला नंतर आवाज शोषणारे बोर्ड उभे टांगून घ्यावे लागले, तेही असे की छत झाकलं जाणार नाही, नाहीतर गारवाच अडतो. तो खर्च आमच्यावर पडला. अर्ध्या स्टारमधला पाव याचा.

ताजी हवा वेगळ्या यंत्रणेने येते, आणि माणसं किती आहेत त्याप्रमाणे. कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर आहेत, बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास असतो, आत ८००-९०० च्या वर जायला लागला की पंखे वाढतात, मजला रिकामा असला की मंदावतात. पंख्याचं गणित मजेशीर आहे, वेग निम्मा केला तर वीज निम्मी नाही, एक अष्टमांश लागते, वेग ८० टक्के केला तरी वीज जवळपास निम्म्यावर येते. त्यामुळे पंखा चालू-बंद करण्यापेक्षा हळू फिरवणं केव्हाही चांगलं. बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेतली उष्णता किंवा गारवा एक फिरणारं चाक येणाऱ्या हवेला देतं. मीटिंग रूममध्ये जेवणानंतर जी पेंग यायची ती इथे खूप कमी येते असं सगळेच म्हणतात, आणि मला वाटतं वीज वाचण्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

सोलरबद्दल. लोक सगळ्यात आधी तेच विचारतात. आहे, गच्चीवर आहे, पण बारा मजल्यांच्या बिल्डिंगला ते किती पुरणार? गच्ची हजार चौरस मीटर धरा, टाक्या, लिफ्टची खोली वगैरे सोडून सहाशे मिळाली, चौरस मीटरला २०० वॅट म्हणजे १२० किलोवॅट. ऊन कसं आहे त्यावर एक किलोवॅट वर्षाला १,२०० ते १,५०० युनिट देतो, म्हणजे दीड ते पावणेदोन लाख युनिट. बिल्डिंग बारा हजार चौरस मीटरची, चांगली काटकसरीची म्हणून दर चौरस मीटरला वर्षाला १०० युनिट धरले तरी बारा लाख. म्हणजे आठवा-सातवा हिस्सा. सिएटलच्या, २०१३ मध्ये उघडलेल्या बुलिट सेंटरने वर्षाची सगळी वीज स्वतःच्या पॅनलवर भागवून दाखवली, पण ती सहाच मजल्यांची, पॅनल २४२ किलोवॅटची आणि ती भिंतींच्या बाहेर छत्रीसारखी पसरवावी लागली. उंच बिल्डिंगला हे परवडणारं नाही, जागाच नसते. म्हणून कोणी बारा मजल्यांची बिल्डिंग गच्चीवरच्या सोलरवर चालते म्हणालं तर आधी मजले मोजा.

बुलिट सेंटरची एक गोष्ट मात्र आमच्यावाल्यांनी उचललीये, जिना. काचेचा, उजेडाचा, दारातून आत आलात की आधी जिना दिसतो आणि लिफ्ट मागे. आमच्या ऑफिसातले दोन-तीन मजले जाणारे बहुतेक लोक जिनाच वापरतात. लिफ्टनेही भरलेली उतरताना किंवा रिकामी चढताना थोडी वीज परत मिळते, पण न वापरलेली लिफ्ट सगळ्यात स्वस्त.

आता तक्रारी. पहिली तळमजल्याची. काही दुकानं दार सताड उघडं ठेवतात, गिऱ्हाईक आत यावं म्हणून, आणि आतली गार हवा फुटपाथवर. वर आम्ही दुहेरी काच, खिडकीचे सेन्सर, सगळं सांभाळतोय आणि खाली हे. दारावर एअर कर्टन (वरून हवेचा झोत सोडणारा पंखा) आहे पण त्याने सगळं काही थांबत नाही. फिरतं दार किंवा मधे छोटी दुहेरी दारांची खोली हवी होती, डिझाइनमध्येच. प्रत्येक दुकानाला उष्णतेचा वेगळा मीटर आहे, वापरेल तो भरेल, त्यामुळे हळूहळू फरक पडतोय, एकाने सरकतं दार बसवलंही. पण ज्यांचं भाडं "सगळं धरून" ठरलंय त्यांना काय फरक पडतो? मालकाने खर्च करायचा आणि बचत भाडेकरूला, किंवा भाडेकरूने उधळायचं आणि बिल मालकाला, या दोन्हींत वीज वाचत नाही. करारात मीटरप्रमाणे बिल असं लिहिलेलं असेल तरच हे डिझाइन काम करतं.

दुसरी, मीटिंग रूमचे सेन्सर. स्क्रीनकडे बघत शांत बसलं की दिवा जातो आणि कोणीतरी हात हलवायचा. ते सेन्सर हालचालीवर चालतात, टेबलावर टाइप करणारी बोटं त्याला दिसत नाहीत. वेळ वाढवून घेतलीये, आता कमी होतं.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, रात्रीचा लोड. आम्ही नवीन आलो तेव्हा बीएमएसवर आमच्या मजल्याचा ग्राफ बघितला तर पहाटे दोनला, जेव्हा मजल्यावर चिटपाखरूही नाही, दुपारच्या चाळीस टक्के वीज चालू होती. सर्व्हर रूम, झोपलेले पण बंद नसलेले मॉनिटर, पाण्याचे कूलर, प्रिंटर, आणि एक एअर युनिट ज्याचं वेळापत्रक फिटआउटच्या (ऑफिसचं आतलं काम करताना) वेळी चोवीस तास टाकलं होतं ते कोणी बदललंच नव्हतं. ते एअर युनिट बंद केलं आणि ग्राफ एका रात्रीत खाली आला, स्पष्ट दिसली ती पायरी. मॉनिटरचे प्लग पॉइंट रात्री आपोआप तुटतील असे करून घेतले. बिल्डिंग कितीही चांगली असली तरी हे कोणी बघितलं नाही तर सगळी बचत इथून गळते. म्हणून मला नुसत्या डिझाइनवर दिलेल्या रेटिंगपेक्षा ऑस्ट्रेलियाच्या नेबर्ससारखी पद्धत जास्त पटते, ते बारा महिन्यांचं प्रत्यक्ष मीटर रीडिंग बघून स्टार देतात. नकाशा बघून नाही.

फॅसिलिटी टीमला मात्र पूर्ण मार्क. प्रत्येक मजल्याचं मीटर वेगळं, एसी वेगळा, दिवे वेगळे, प्लग वेगळे, आणि महिन्याला ग्राफ मेलवर येतो. विचारलं की सांगतात, टाळत नाहीत. शनिवारी एखाद्या टीमला यायचं असेल तर ॲपवरून दोन तासांसाठी तेवढा भाग चालू करता येतो.

ज्यांना इथे ऑफिस घ्यायचंय त्यांच्यासाठी. पश्चिमेच्या कोपऱ्यात फिन्स असूनही संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास थोडी चमक येते, तिथे टेबलं काचेला काटकोनात लावा, स्क्रीन काचेसमोर नको. फॉल्स सीलिंग अजिबात करू नका, इंटिरियरवाला आग्रह करेल, तरी नाही, छत झाकलं की गारवा गेला. सर्व्हर रूम घेणार असाल तर तिची उष्णता लूपला जोडून द्या म्हणून आधीच सांगा, नंतर पाइप ओढणं महागात जातं, आणि त्यांच्याकडे तशी तयारी करून ठेवलेली आहे, प्रत्येक मजल्यावर व्हॉल्व्ह सोडलेत. आणि ताबा घ्यायच्या आधी बीएमएसवरचं आपल्या मजल्याचं वेळापत्रक स्वतः समोर बसून उघडून बघा, कोणत्या युनिटपुढे चोवीस तास लिहिलंय का ते.